गाठोडं सोडल्यावर

नमस्कार, श्रोतेहो.

दिवाळी तीन-चार आठवड्यांवर आली की इंदुरात रामबागेपासून राजेंद्रनगरापर्यंत घरोघरी कपाटं रिकामी व्हायला लागतात. पलंगातले कपडे बाहेर निघतात, माळ्यावरची बोचकी खाली येतात आणि दुपारपर्यंत दाराशी ढीग होतो. मग एक जुनी चादर अंथरली जाते, ढीग तिच्यात जातो, चार टोकांची गाठ बसते, आणि कुणीतरी म्हणतं, “गरजूला देऊन टाका.” आज बोलायचंय ते या गाठोड्याबद्दल. ते कुठे सुटतं, आतून काय निघतं आणि त्यातलं किती कुणाच्या अंगावर चढतं.

इंदूर हे कापड विणणाऱ्यांचं शहर. मालवा मिल, हुकुमचंद, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी ही नावं इथे अजून पत्ते सांगताना येतात. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, बाकीच्याही मागेपुढे थांबल्या. आता शहरातलं अंगमेहनतीचं काम विखुरलंय. कुणी पिथमपूरच्या कारखान्यात ठेकेदाराकडे, कुणी मंडईत हमाल, कुणी चार घरची धुणीभांडी करणाऱ्या ताई, तर कुणी झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडून इमारतीच्या कामावर आलेलं जोडपं, लेकरांसकट. ही सगळी कमावती माणसं आहेत. त्यांना पैसा कमी पडतो हे सगळ्यांना दिसतं. वेळही तितकाच कमी पडतो, हे मात्र दिसत नाही. सकाळी आठला कामावर गेलेली बाई संध्याकाळी सातला परतते, मग पाणी, मग चूल. मिळालेल्या कुर्त्याची उसवलेली शिवण ती कधी घालणार, आणि पँटची तुटलेली चेन कुठे बसवून घेणार?

म्हणून कपडे देणाऱ्या घरांनी आणि ते वाटणाऱ्या मंडळांनी या कामाची एकच कसोटी धरावी. आज हातात पडलेला कपडा उद्या सकाळी अंगात घालून कामावर जाता आलं पाहिजे. धुणं, दुरुस्ती, मापं लावणं, हे सगळं देणाऱ्याकडेच व्हायला हवं. ते झालं नाही तर आपण आपलं काम त्यांच्या डोक्यावर टाकलं, इतकाच त्याचा अर्थ.

घरी तीन ढीग करा. घालण्याजोगे, थोड्या दुरुस्तीचे आणि चिंध्या. कचरा सहा प्रकारांत वेगळा करणाऱ्या शहराला तीन ढीग अवघड नाहीत. तपासताना कपडा उलटा करा, कारण दोष आतून दिसतो. शर्ट खिडकीच्या उजेडासमोर धरला की विरलेली जागा जाळीसारखी चमकते. कॉलरची घडी, काखेची शिवण आणि कोपर आधी बघा. काखेत कापड कडक, पिवळट झालं असेल तर तो शर्ट चिंध्यांत. पँटची दोन्ही पायांच्या मधली शिवण दोन्ही हातांनी ताणा. टाके दिसायला लागले तर ती विटांच्या पहिल्याच घमेल्याला फाटणार, आणि चारचौघांत फाटणार.

पँटचा दुसरा दोष चेनचा. चेन वर ओढल्यावर खालून उघडत असेल, तर बहुतेक वेळा दात शाबूत असतात, रनर सैल झालेला असतो. पक्कडीने रनरच्या मागच्या बाजूच्या दोन्ही कडा एकेक करून हलकेच दाबायच्या, मधून चेन लावून बघायची. जोर जास्त झाला तर रनर तुटतो आणि पूर्ण चेन बदलावी लागते. चेन नुसतीच अडकत असेल तर दातांवर मेणबत्ती घासली की पुरतं. इलॅस्टिक ताणल्यावर करकरतं आणि परत मागे येत नाही, म्हणजे आतलं रबर मेलं, ते काढूनच टाकायचं. नवं घेताना कमरेपेक्षा दोनेक इंच कमी कापा आणि सेफ्टीपिनेने नेफ्यातून ओवा. टोकं एकावर एक अर्धा इंच चढवून शिवा. टोकाला टोक जोडलं तर महिन्याभरात सुटतं.

मापाची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. आपल्याकडून येणाऱ्या पँटी ३६, ३८, ४० कमरेच्या असतात. ओझी उचलणाऱ्या माणसाची कंबर बहुतेक २८ ते ३२. शिंप्याने शिवलेल्या पँटला मागच्या मधल्या शिवणीत जास्तीचं कापड सोडलेलं असतं, तिथूनच कंबर दोन इंच आत घेता येते. त्याहून जास्त घेतली तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांजवळ येतात आणि पँट बसताना ओढते. म्हणजे ३४ ची ३२ होईल, ४० ची ३० होणार नाही. मोठी मापं वेगळी काढून त्या कापडातून मुलांच्या चड्ड्या किंवा मजबूत पिशव्या शिवून घेतलेल्या बऱ्या. लहान मुलांच्या कपड्यांवर ‘६ ते ७ वर्षं’ असं छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. हाडापेराने लहान असलेल्या आठ वर्षांच्या मुलाला तोच कपडा नीट बसतो. टेपने खांद्यापासून खालपर्यंत लांबी मोजा आणि चिठ्ठीवर इंच लिहा. टोपीच्या स्वेटरला गळ्याशी नाडी असेल तर ती ओढून काढा. बांधकामावर लेकरं सळयांच्या आसपास खेळत असतात, नाडी अडकली तर गळा आवळतो.

ब्लाउज दुसऱ्याला सहसा होत नाही. साडीबरोबर जुनं ब्लाउज देण्यापेक्षा न शिवलेलं ब्लाउजपीस द्या. सलवार-कुर्त्याची ओढणी त्याच घडीत बांधा, ओढणीशिवाय तो जोड बाई घरात घालते, कामावर नाही. आतले कपडे वापरलेले कुणालाच द्यायचे नाहीत. वर्गणी काढून नवे घ्या, मंडळाच्या खर्चात ते सहज बसतात.

कापड कुठलं, हेही बघायला हवं. चुलीपाशी बसणाऱ्या बाईच्या अंगावर किंवा वेल्डरच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलाच्या अंगावर पॉलिस्टर नको. ठिणगी पडली की ते आकसतं, वितळतं आणि कातडीला चिकटतं. ओळख पटत नसेल तर शिवणीतले दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टरचा कडक मणी होतो. लोकरीला केस जळल्याचा वास येतो. इमारतीच्या कामाला पूर्ण बाहीचे, जाडसर सुती शर्ट सगळ्यात आधी संपतात, बाईमाणसंसुद्धा ते साडीवरून घालतात, उन्हासाठी आणि सिमेंटसाठी. लग्नातला जरीचा शेरवानी मात्र वर्षानुवर्षं दोरीवर लटकत राहतो.

धुण्याबाबत दोन धोके लक्षात ठेवा. पहिला डांबरगोळ्यांचा. पेटीतला कपडा काढून तसाच दिला आणि तो तान्ह्या बाळाच्या अंगाखाली गेला, तर ज्या बाळात जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाच्या एंझाइमची कमतरता असते, त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात आणि कावीळ होऊ शकते. ही कमतरता आपल्या देशात दुर्मीळ नाही. गोळ्यांचा वास येणारा कपडा धुवा, उन्हावाऱ्यावर टाका आणि वास पूर्ण गेल्याशिवाय बाळाच्या गठ्ठ्यात ठेवू नका. लहान बाळाचं कापड साठवताना गोळ्या मुळीच नकोत.

दुसरा धोका खरूज आणि ढेकणांचा. खरजेचा किडा माणसाच्या कातडीपासून दूर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. स्वेटर उकळता येत नाहीत, तेव्हा ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवले की काम होतं. ढेकणाला ही युक्ती चालत नाही, तो उपाशी कित्येक महिने राहतो. चादरी, गोधड्या, सुती कपडे यांना ६० अंशांच्या आसपासचं गरम पाणीच हवं. आणि धुतलेला कपडा पूर्ण वाळू द्या. शिवणीत ओल राहिली तर बांधलेल्या गठ्ठ्यात चार दिवसांत कुबट वास धरतो, आणि तो वास एका कपड्यावर थांबत नाही, सगळ्या गठ्ठ्यात पसरतो.

आता गरम कपडे. माळव्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो आणि पत्र्याच्या खोलीत तो आणखी बोचतो. पण आपण स्वेटर कधी देतो? थंडी संपल्यावर, फेब्रुवारीत, कपाट आवरताना. देऊ द्यात, पण ते त्याच महिन्यात वाटू नका. धुऊन ठेवा, कारण कसर घामाच्या, तेलाच्या डागांवर आधी लागते. गठ्ठे जमिनीवर नको, फळीवर ठेवा, भिंतीपासून हातभर दूर. पावसाळ्यात एकदा उघडून ऊन दाखवा. आणि दिवाळीनंतर लगेच, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बाहेर काढा. जानेवारीत मिळालेली शाल ऐन थंडीतल्या निम्म्या रात्री चुकवते.

फाटलेल्या सुती साड्यांची गोधडी करा. हिशोब सोपा आहे. साडी साडेपाच मीटर लांब आणि पाऊणे चार फूट रुंद. लांबीत तीन घड्या घातल्या की सहा फुटांचा एका माणसाचा तुकडा होतो, तीन पदरांचा. दोन साड्या म्हणजे सहा पदर, वर आणि खाली जरा मजबूत कापडाचं आवरण. चारही बाजूंनी आधी मोठे टाके घालून पदर जाग्यावर बसवा, मग बाहेरून आत धावदोरा घालत या. मधूनच सुरुवात केली तर कडेला कापड गोळा होतं. कापड विरलेलं चालतं, कुजलेलं चालत नाही. बोटाने टोचल्यावर फाटलं तर गोधडीलाही नको.

जरीच्या जुन्या साड्या भांडी घेऊन येणाऱ्या बोहारणीला द्यायला हरकत नाही. तीही या जुन्या कपड्यांवरच घर चालवते, आणि दुरुस्त करून विकायचं तिचं कसब आपल्यापेक्षा चांगलं असतं. उरलेल्या चिंध्या गॅरेजवाले पुसायला घेतात. तेही नको असेल तर कोरड्या कचऱ्यात, ओल्यात नव्हे.

वाटपाची जागा. रस्त्याकडेच्या भिंतीला खुंट्या ठोकून कपडे टांगायची कल्पना २०१५ मध्ये इराणमधल्या मशहद शहरातून सुरू झाली आणि ‘नेकी की दीवार’ म्हणून आपल्याकडे आली. उद्देश फार चांगला. पण ज्या भिंतीचं रोज संध्याकाळी आवरणारं माणूस नाही, तिथे पहिल्या पावसात चिखलात कपडे पडतात. एखादी खोली घ्या, शाळेची किंवा मंगल कार्यालयाची, रविवारी सकाळी किंवा रोज संध्याकाळी सातनंतर. कामाच्या वेळेत वाटप ठेवलं तर त्या बाईची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणजे आपली साडी तिला महाग पडते. खोलीत एका वेळी सात-आठ माणसं पुरेत. दोरीवर मापाप्रमाणे टांगा, खाली ढीग नको, ढिगाभोवती ओढाताण होतेच. एक पडदा लावा आणि पुरुषभर उंचीचा आरसा ठेवा. आरशासमोर ओढणी खांद्यावर टाकून बघणाऱ्या बाईला घाई करू नका, तिथे तिच्या मागे उभं राहून “छान दिसतंय” असंही म्हणू नका, ते तिचं तिला ठरवू द्या. “ताई, अजून बघायचंय का?” इतकं पुरे. फोटो काढायचे नाहीत.

फुकट द्यावं की पाच-दहा रुपये घ्यावे, यावर मंडळांमधून वाद होतो. माझं मत असं की मोठ्यांच्या कपड्यांना पाच रुपये ठेवावे. पैसे दिलेलं माणूस नको असलेला कपडा संकोचाने उचलत नाही, परत ठेवतं. गोधडी, शाल आणि लेकरांचे कपडे यांना पैसे घेऊ नयेत. १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी सुरू केलेल्या ‘गूंज’ने याच प्रश्नाचं वेगळं उत्तर दिलं. गावकरी स्वतः ठरवून विहीर, रस्ता, बांध असं गावाचं काम करतात आणि कपडे त्या श्रमाचा मोबदला म्हणून मिळतात. गुप्ता यांना २०१५ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शहरातल्या खोलीत ते जसंच्या तसं जमणार नाही, पण घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हा त्यामागचा विचार इथेही लागू पडतो.

होळीच्या आधीचा आठवडा वाटपासाठी टाळा. झाबुआ-अलीराजपूरकडची कुटुंबं भगोरिया या आदिवासी जत्रा-बाजाराला गावी गेलेली असतात, आणि सणाला ती नवे कपडेच घेतात. त्याच्या पंधरा दिवस आधी वा नंतर वाटप ठेवा.

गठ्ठा दहा किलोचा बांधा, एका माणसाला उचलता येतो. अर्ध्या बाह्यांचे साधारण चाळीस शर्ट त्यात मावतात. आत फक्त एक प्रकार आणि एक माप, वर चिठ्ठी, शाईने लिहिलेली. आणि गाठ मारण्याआधी प्रत्येक खिशात हात घाला. सेफ्टीपिना, सुया, ब्लेड, औषधाच्या गोळ्यांची पाकिटं, कधी बँकेचा कागद, कधी दुमडलेली नोट, सगळं खिशात असतं. गोळ्या काढून टाका, कागद ज्याचा त्याला द्या, नोट सापडली तर चेन आणि इलॅस्टिकच्या खर्चाला ठेवा.

नमस्कार.