निफाडचा घड रॉटरडॅमला जाताना

नमस्कार श्रोतेहो.

आंबा झाडावरून उतरवल्यावर अढीत पिकतो, गोड होतो. द्राक्षाचं तसं नाही. कात्रीनं घड वेलीपासून सुटला की त्या क्षणी त्याची गोडी, रंग, टणकपणा जेवढा असेल तेवढाच. तिथून पुढे फक्त उतरण. दिंडोरी, निफाड, नाशिक तालुक्यांतला हा माल जहाजानं युरोपात पोचून दुकानाच्या फळीवर लागेपर्यंत महिना-सव्वा महिना जातो. तेवढ्या काळात ही उतरण किती संथ ठेवता येते, यावर बागायतदाराचा वर्षाचा हिशेब अवलंबून असतो.

कारखान्यांच्या जगात वाहतूक, साठवण, खरेदी, विक्री हे सगळं एका सूत्रात बांधण्याबद्दल खूप बोललं जातं. सप्लाय चेन, लॉजिस्टिक्स हे शब्द आता आपल्या कानांना सरावाचे झाले आहेत. पण लोखंडाचा सुटा भाग गोदामात दोन दिवस पडून राहिला तर व्याज बुडतं, भाग बिघडत नाही. द्राक्षाचा घड दोन तास उन्हात राहिला तर त्याचं नुकसान पुढे कुणीही भरून काढू शकत नाही. म्हणून साखळी जोडणं म्हणजे काय, हे मला द्राक्षाच्या निर्यातीत जितकं लख्ख दिसतं तितकं दुसरीकडे क्वचितच दिसतं. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

सुरुवात शेवटापासून करू या. युरोपातल्या सुपरमार्केटला वर्षभर द्राक्षं हवी असतात. हिवाळ्यात ती दक्षिण आफ्रिका, पेरू, चिली इथून येतात. मे-जूनपासून इजिप्तचा माल सुरू होतो. यांच्या मधे जी फट पडते, ढोबळमानानं फेब्रुवारी ते एप्रिल, ती आपली. या फटीत कोणत्या आठवड्यात किती पेट्या हव्यात, याची बोलणी हंगामाच्या कितीतरी आधी होतात. आता मागे मोजत या. मार्चच्या मध्याला माल फळीवर हवा, तर फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात खुडणी हवी. फळछाटणीपासून खुडणीपर्यंत साधारण चार-साडेचार महिने लागतात. म्हणजे छाटणी सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला व्हायला हवी. युरोपातल्या एका खरेदी अधिकाऱ्यानं कागदावर लिहिलेला आठवडा इथे निफाडच्या बागेत छाटणीची तारीख ठरवतो.

ही तारीख बागायतदार एकट्यानं ठरवत असेल, निर्यातदार जानेवारीत प्लॉट बघायला येत असेल, आणि जहाजाची जागा त्यानंतर शोधली जात असेल, तर ती साखळी नाही. ते नुसते एकामागून एक झालेले सौदे आहेत. सगळ्यांनी एकाच आठवड्यात छाटणी केली की सगळ्यांचा माल एकाच आठवड्यात येतो. मग पॅकहाऊसबाहेर, म्हणजे माल निवडून पेट्यांत भरण्याच्या जागेबाहेर, गाड्यांची रांग लागते, मजूर मिळत नाहीत, रिकामे कंटेनर मिळत नाहीत. छाटण्या टप्प्याटप्प्यानं लावून घेणं हे ट्रक, शीतगृह आणि बंदर यांचं नियोजन आहे, पण ते करायची जागा बाग आहे. जी कंपनी हे समजते ती आपला शेतीतज्ज्ञ आणि आपला वाहतूक व्यवस्थापक यांना ऑगस्टमध्येच एका टेबलावर बसवते.

आता खुडणीचा दिवस घ्या. मण्याचा आकार सोळा, अठरा मिलिमीटर, गोडी सोळा ब्रिक्सच्या (रसातली साखर मोजण्याचं माप) वर, देठ हिरवा. घड पहाटे-सकाळी खुडायचा, कारण तेव्हा तो स्वतः थंड असतो. दुपारच्या उन्हातला घड आपल्या पोटात शेताची उष्णता घेऊन येतो, आणि ती उष्णता बाहेर काढायची म्हणजे वीज आणि वेळ. घड क्रेटमध्ये अलगद ठेवायचे, सावलीत ठेवायचे, लवकरात लवकर पॅकहाऊसला न्यायचे. तिथे खराब मणी कात्रीनं काढायचे, घड पनेटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डब्यात, भरायचे, पनेट पेटीत. बुरशी धरू नये म्हणून पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारा पॅड ठेवायचा. मग प्रीकूलिंग. यात थंड हवा नुसती खोलीत फिरवत नाहीत, पंख्यांनी पेटीच्या छिद्रांतून जोरानं खेचतात. काही तासांत मणी चार अंशांच्या आसपास येतो. तिथून शीतगृहात, शून्य ते एक अंशाला, भरपूर आर्द्रतेत. शेवटी रीफर कंटेनर, म्हणजे शीतयंत्र बसवलेला कंटेनर.

या कंटेनरबद्दल एक गैरसमज फार ठिकाणी आहे, म्हणून इथे थांबतो. रीफर कंटेनर माल थंड ठेवतो. तो माल थंड करत नाही. गरम भाताचं पातेलं झाकून फ्रिजमध्ये ठेवलं तर भात आतून कितीतरी वेळ गरमच राहतो, वर झाकणाला पाणी सुटतं, आणि शेजारचं दूधही कोमट होतं. प्रीकूलिंग अर्धवट सोडून माल कंटेनरमध्ये भरला की नेमकं हेच होतं. पेटीत दव धरतं. ओलावा लागला की पॅडमधला वायू हवा त्याहून वेगानं सुटतो आणि मण्यांवर पांढरट डाग पडतात. वायू असा आधीच खर्च झाला की शेवटच्या आठवड्यात बुरशीला रान मोकळं. युरोपात पेटी उघडणारा म्हणतो, माल खराब होता. बागायतदार म्हणतो, माझा माल उत्तम होता. दोघंही खरं बोलत असतात. बिघाड मधे कुठेतरी झालेला असतो, जिथे त्या दोघांपैकी कुणीच नव्हतं.

आणि हा बिघाड बहुतेक वेळा कुणाच्या आळसानं होत नाही, कामाच्या हिशेबानं होतो. गाडीचा खर्च ज्याच्या नावावर पडतो, तो माणूस गाडी पूर्ण भरेपर्यंत बागेत थांबवतो. त्याचं डिझेल वाचतं, पहिल्या क्रेटचे दोन तास उन्हात जातात. शीतगृहाचं वीजबिल ज्याच्या माथी, तो प्रीकूलिंगची खोली पूर्ण भरल्याशिवाय सुरू करत नाही. पुठ्ठ्याच्या पेट्या खरेदी करणारा स्वस्त पेटी आणतो, पेट्या रचायच्या पाटावर, म्हणजे पॅलेटवर, तिची छिद्रं एकावर एक जुळत नाहीत, मग थंड हवा आतपर्यंत पोचत नाही. बंदराकडे गाडी सोडणारा भाडं कमी पाहून वाहन धरतो, आणि ते घाटात किंवा भिवंडीच्या कोंडीत अडकून बंदराची कट-ऑफ वेळ, म्हणजे जहाजासाठी माल घेण्याची शेवटची वेळ, चुकवतं. प्रत्येकानं आपापल्या खात्यात बचत केली. चारही जणांना शाबासकी मिळाली. माल मात्र बिघडला.

कंपनीची कामगिरी सुधारायची तर खात्यांच्या मोजपट्ट्या बदलाव्या लागतात, असं मी आग्रहानं म्हणतो ते यामुळे. गाडी किती भरली हे मोजू नका. घड खुडल्यापासून मणी थंड होईपर्यंत किती तास गेले ते मोजा, आणि तो आकडा बाग, गाडी, पॅकहाऊस, शीतगृह या सगळ्यांच्या नावावर सामाईक लिहा. अर्धी भरलेली गाडी बागेतून सोडण्याचा निर्णय मग कुणालाही चुकीचा वाटत नाही. हे करायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. क्रेटवर खुडणीची वेळ लिहिलेली चिठ्ठी लागते, आणि ती वाचण्याचा, तिच्यावरून गाडी हलवण्याचा अधिकार असलेला एक माणूस लागतो.

महाराष्ट्र हे एका दिवसात शिकलेला नाही. १९९१ साली द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्था एकत्र येऊन महाग्रेप्स उभी राहिली. प्रीकूलिंग, शीतगृह, प्रतवारी, पेटीबंद करण्याची शिस्त ही त्या काळात गावपातळीवर रुजली. पण थंडाव्याची साखळी नीट झाली तरी माहितीची साखळी कच्ची असली तर काय होतं, हे २०१० च्या हंगामानं दाखवलं.

वेलीची पालेदार वाढ रोखून घड चांगले निघावेत म्हणून बागायतदार क्लोरमेक्वाट क्लोराइड वर्षानुवर्षं वापरत होते. बागांमध्ये ते लिहोसिन या नावानं ओळखलं जायचं. युरोपातल्या प्रयोगशाळांनी त्या हंगामात मण्यांमध्ये त्याचा अंश मर्यादेपेक्षा जास्त असल्याचं दाखवलं. आपल्याकडे निर्यातीपूर्वी तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नव्हतं. म्हणजे बागायतदारानं नियम मोडला नव्हता, प्रयोगशाळेनं चुकीचा दाखला दिला नव्हता, निर्यातदारानं काही लपवलं नव्हतं. प्रत्येकाचा कागद बरोबर होता आणि कंटेनर परक्या बंदरात अडकले होते. कितीतरी कुटुंबं त्या एका हंगामात कर्जात गेली. मला ही घटना आजही अस्वस्थ करते, कारण गिऱ्हाईक काय तपासणार आहे ही एक ओळ बागेपर्यंत वेळेत पोचली असती तर हे टळलं असतं. माल पुढे जातो, पण माहिती उलट्या दिशेनं, मालाच्या आधी, यावी लागते.

त्याआधीच, २००६ मध्ये, अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेनं ग्रेपनेट ही संगणकीय नोंदप्रणाली सुरू केली होती. निर्यातीचा प्रत्येक प्लॉट कृषी खात्याकडे नोंदवायचा, त्याला क्रमांक मिळतो. त्या प्लॉटमधला नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळा तपासते, निकाल प्रणालीत चढतो. नमुना फेल गेला तर त्या प्लॉटचा माल युरोपच्या पेटीत जात नाही. पास झाला तर पेटीवरच्या क्रमांकावरून थेट त्या बागेपर्यंत माग काढता येतो. २०१० नंतर तपासणीची यादी आणि शिस्त दोन्ही कडक झाल्या. कागदपत्रांचं काम वाढलं म्हणून कुरकुर होते, ती मी ऐकतो. पण एका बागेतल्या चुकीची शिक्षा सगळ्या जिल्ह्याला होऊ नये, याची सोय या क्रमांकातच आहे.

२०१० च्याच सुमारास विलास शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीत सह्याद्री फार्म्स उभी केली. शेतकऱ्यांच्या मालकीची उत्पादक कंपनी. तिचं वेगळेपण मला दिसतं ते असं की रोपापासून पेटीपर्यंतचे दुवे तिनं एका मालकीत आणले. परदेशी पैदासकारांकडून परवाना घेऊन आरा द्राक्षाच्या जाती आणल्या, बागेला सल्ला दिला, पॅकहाऊस आणि शीतगृह उभारलं, निर्यात स्वतः केली, आणि जोडीला टोमॅटो व फळांची प्रक्रिया चालवली. २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी तिच्यात सुमारे ३१० कोटी रुपये गुंतवले. प्रक्रिया हा यातला फार महत्त्वाचा दुवा आहे आणि त्याकडे पुरेसं लक्ष जात नाही. सगळा माल युरोपच्या प्रतीचा कधीच नसतो. उरलेल्या मालाला देशातली बाजारपेठ, रस, बेदाणा अशी वाट आधीच ठरलेली असेल, तर प्रतवारी करणारी बाई हलका घड निर्यातीच्या पेटीत ढकलण्याच्या दडपणाखाली राहत नाही. मागच्या दाराची सोय असली की पुढच्या दाराची प्रत टिकते.

सगळेच दुवे एका मालकीचे असावेत असं माझं मत नाही. समुद्र तर कुणाच्याच मालकीचा नाही. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं आणि सहा दिवस वाहतूक थांबली, आपल्या हंगामाच्या ऐन मध्यावर. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, आणि मोठ्या जहाज कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालून जायला सुरुवात केली. मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरातून नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदराचा प्रवास दहा ते पंधरा दिवसांनी लांबला, भाडंही चढलं. अशा वेळी जोडलेल्या साखळीचा उपयोग कळतो. प्रवास लांबणार हे खुडणीआधी कळलं, तर लांब टिकणारी जात, हिरव्या जाड देठाचे घड, पूर्ण प्रीकूलिंग झालेलाच माल त्या जहाजावर चढवता येतो, आणि नाजूक प्लॉट आखाती देशांकडे किंवा देशातल्या बाजाराकडे वळवता येतो. कंटेनर बंदरात उभा राहिल्यावर हे कळून उपयोग नसतो.

आता एक मागणी, आणि ती मी सगळ्या निर्यातदार कंपन्यांकडे करतो. प्रत्येक कंटेनरमध्ये तापमान नोंदणारं छोटं यंत्र असतं. बंद केल्यापासून उघडेपर्यंत तासातासाचा आलेख त्यात असतो. तिकडे पेट्या उघडल्यावर मालाच्या दर्जाचा अहवाल तयार होतो, फोटोंसकट. हे दोन्ही कागद निर्यातदाराकडे येतात आणि बहुतेक वेळा तिथेच राहतात. बागायतदाराला शेवटी फक्त दर कळतो, कापून आलेला, आणि कारण म्हणून ‘माल उतरला नाही’ एवढंच वाक्य. ज्याच्या प्लॉटचा क्रमांक त्या पेटीवर आहे त्याच्या फोनवर तो आलेख आणि तो अहवाल, मराठीत, हिशेबाच्या आधी गेला पाहिजे. कपात बागेतल्या दोषामुळे झाली असेल तर पुढच्या छाटणीला तो सुधारेल. कंटेनरचं तापमान वाटेत चढलं असेल तर तो पैसा त्यानं का सोसायचा, हे विचारण्याचा हक्क त्याला आहे. येत्या हंगामाचे करार छाटणीआधी होतील. त्यात हे एक कलम लिहून घ्या.

नमस्कार.