नालदेराची हिरवळ आणि ताईचा चेंडू

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या नागपुरात गोल्फचे नाव काढले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सभासदत्वाचा न परवडणारा अर्ज उभा राहतो आणि हा खेळ आपला नव्हे, असे ठरवून आपण मोकळे होतो. मला आज सांगायचे आहे ते एवढेच की, कोणत्याही क्लबचे सभासद नसतानाही गोल्फ खेळता येतो. दिल्लीत लाडो सरायचा कुतुब गोल्फ कोर्स दिल्ली विकास प्राधिकरण चालवते आणि तिथे पैसे भरून सामान्य माणसाला खेळता येते. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजला गोल्फचे माहेरघर मानतात. तेथील जुना कोर्ससुद्धा सार्वजनिक आहे आणि बहुतेक रविवारी खेळ बंद ठेवून तो गावकऱ्यांना फिरण्यासाठी मोकळा सोडतात. ही रीत मला मनापासून आवडते, कारण आपल्याकडची मैदाने प्रदर्शनांच्या आणि लग्नांच्या मांडवांखाली गेलेली पाहून मला फार वाईट वाटते.

मी खेळलो ते मैदान शिमल्यापासून साधारण 22 किलोमीटरवर, नालदेराला आहे. उंची 2,000 मीटरच्या वर, चहूकडे देवदार, आणि मैदानाच्या मधोमध माहूनागाचे मंदिर. नागनदीकाठच्या माणसाला इतक्या दूर नागदेवतेनेच सामोरे यावे, याचे मला अप्रूप वाटले. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांना ही जागा इतकी आवडली होती की, 1904 मध्ये जन्मलेल्या मुलीच्या नावात त्यांनी नालदेरा हे नाव घातले. खर्च तीन प्रकारचा असतो: ग्रीन फी म्हणजे मैदानावर खेळण्याचे शुल्क, स्टिकचे भाडे आणि कॅडीचा, म्हणजे स्टिक वाहून सोबत चालणाऱ्या मदतनिसाचा, मेहनताना. पुन्हा सांगतो, ग्रीन फी, स्टिकचे भाडे आणि कॅडीचा मेहनताना. तिन्हींची चौकशी आधी करावी, कॅडीच्या पैशांत मात्र घासाघीस करू नये. आम्हा दोघांचा सारा खर्च त्या दिवशीच्या गाडीभाड्याच्या आसपास गेला.

दोघे म्हणजे मी आणि माझी थोरली बहीण. ताईचे वय तेव्हा चौसष्ट होते. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या वाड्यासमोर लहानपणी ती विटीदांडू अशी खेळायची की, मुलगे तिला आपल्या गटात घेण्यासाठी भांडत असत. पण गोल्फची स्टिक तिने कधी हातात धरली नव्हती. मागे कोणी खेळाडू नाहीत हे पाहून आमच्या वयस्क कॅडीने सात नंबरची स्टिक तिच्या हाती दिली. ग्रीन, म्हणजे छिद्राभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, तिथून ऐंशी-एक मीटरवर, थोडी उताराला होती. पहिले दोन फटके नुसतेच वाऱ्यात गेले. तिसऱ्या वेळी कॅडी म्हणाला, "माताजी, सिर नीचे." ताईने पदर कमरेला खोचला, मान खाली घातली आणि विटी उडवावी तशी मनगटे फिरवली. चेंडू उंच उठला, देवदारांच्या सावलीतून उन्हात आला, ग्रीनवर टप्पा घेऊन घरंगळत गेला आणि छिद्रापासून हातभर अंतरावर थांबला.

आम्ही उतरून जवळ पोहोचतो तोच झाडावरून एक माकड खाली आले, त्याने चेंडू उचलला, दातांनी चावून पाहिला आणि तो घेऊन ते पुन्हा झाडावर गेले. ताईचे डोळे भरून आले. तेव्हा कॅडीने खिशातून दुसरा चेंडू काढला आणि शांतपणे नियम सांगितला: थांबलेला चेंडू बाहेरच्या प्राण्याने उचलला तर खेळाडूला दंड होत नाही, चेंडू होता त्या जागी ठेवून पुढे खेळायचे, आणि मूळ चेंडू परत मिळण्यासारखा नसेल तर दुसरा घ्यायचा. त्याने छिद्रापासून हातभर अंतरावर बोट ठेवले. ताई म्हणाली, "नाही, दादा, एवढा जवळ नव्हता," आणि तिने स्वतः चेंडू वीतभर मागे सरकवला. गोल्फमध्ये बहुतेक वेळा पंच शेजारी उभा नसतो, आपले आपणच खरे सांगायचे असते. हे तिला कोणीही शिकवलेले नव्हते. कॅडीने तिच्याकडे पाहून मंदिराच्या दिशेने हात जोडले. पुढच्या दोन हलक्या फटक्यांत चेंडू आत गेला.

वेळ थोडाच उरला आहे, म्हणून कामाचे तेवढे सांगतो. पहिल्यांदा नऊच होल, म्हणजे एकेका छिद्रापर्यंतचे नऊच टप्पे, खेळावेत, मैदानावरच्या गाडीत न बसता पायी चालावे आणि लांब फटक्यांपेक्षा ग्रीनवरच्या हलक्या फटक्याचा सराव अधिक करावा. मी पुन्हा म्हणेन, हलक्या फटक्याचा. त्याला मैदान लागत नाही. गोल्फच्या छिद्राचा व्यास 108 मिलिमीटर असतो आणि आपला पाणी पिण्याचा पेला त्याहून अरुंद असतो. ताईने नागपुरात आल्यावर जुनी स्टिक विकत घेतली. रोज संध्याकाळी ऊन उतरले की ती गच्चीवर सतरंजी अंथरते, तिच्या टोकाला स्टीलचा पेला आडवा ठेवते आणि दहा चेंडू मारते. काल त्यांतले सात पेल्यात गेले, असे तिने मला आज सकाळी फोनवर सांगितले. नमस्कार.