एका ‘अ’पायी

श्रोतेहो, नमस्कार. मराठीत आपलं बरं आहे. म्हशी किती, दूध किती. एकच ‘किती’ दोन्हीकडं चालतो. इंग्रजीत आधी ठरवावं लागतं, वस्तू मोजायची की मापायची? हाउ मेनी बफेलोज, पण हाउ मच मिल्क. परत सांगतो, मोजायचं ते मेनी, मापायचं ते मच. तसंच मोजायला फ्यू, मापायला लिटल.

आता या लिटलनं माझी काय फजिती केली ते ऐका. कॉलेजात होतो. एका इंग्रज पाहुण्याला रात्री कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर घेऊन गेलो. म्हशी उभ्या, समोर धार काढून ग्लास हातात, वर बोटभर फेस. पिशवीतलं दूध पिणाऱ्यांना तो फेस काय कळणार, जाऊ दे. पाहुण्यानं ग्लास रिकामा केला, मिशीवरचा फेस पुसला आणि विचारलं, अजून मिळेल का? मी दूधवाल्या मामांकडं बघितलं. मामांनी चरवी तिरकी करून दाखवली, “हाय की थोडं.” मी ऐटीत सांगितलं, “देअर इज लिटल मिल्क.”

पाहुणा “ओह” म्हणाला, ग्लास ठेवला आणि चालू लागला. मामा तापले. “काय सांगितलंस रं त्याला? कासंत दूध हाय अजून!”

मी नदीच्या रस्त्याला धावत सुटलो, “सर, अ लिटल! अ लिटल!”

लिटल मिल्क म्हणजे जवळजवळ नाहीच. अ लिटल मिल्क म्हणजे थोडं आहे, या. फ्यू आणि अ फ्यूचंही तसंच. पाहुणा परत आला, आणखी टू ग्लासेस ऑफ मिल्क प्याला. मोजले ते ग्लास बरं का, दूध नव्हे. मिसळीबरोबर आपण “दोन ब्रेड” मागतो, तिथंही टू स्लाइसेस ऑफ ब्रेड. आणि मिसळीला ब्रेडच हवा, पाव नको, हे माझं ठाम मत.

वेळ संपत आली. ‘माहित्या’ आपणही म्हणत नाही, मग इन्फॉर्मेशन्स कशाला? सल्ले मात्र आपण मोजतो, इंग्रजीत अॅडव्हाइसला एस लागत नाही. डोक्यावरचे केसही इंग्रजीत हेअरच. पण तांबड्या रश्श्यात एखादा सापडला, तर तो ‘अ हेअर’. तेवढा मोजतात. नमस्कार.