काळी कुठे गेली?

श्रोतेहो, नमस्कार.

आज नुसत्या रंगांच्या चित्रांबद्दल बोलायचं आहे. ज्यात घर नाही, झाड नाही, माणूस नाही, फक्त रंग आहेत, अशी चित्रं. अमूर्त चित्रं म्हणतात त्यांना. ती घरच्या कॉम्प्युटरवर, फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये करता येतात. या वाटेवरचे केवढे मोठे चित्रकार वासुदेव गायतोंडे! १९२४ साली ते जन्मले ते आपल्या नागपुरात. माझ्या चित्रकलेच्या वर्गात दरवर्षी पहिल्या दिवशी मी हे सांगते, आणि दरवर्षी मुलं ते पहिल्यांदाच ऐकत असतात. एखाद्या चौकात त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत दिसावं, असं मला मनापासून वाटतं.

असो. साहित्य काय लागतं? कॉम्प्युटर आणि गिंप नावाचं सॉफ्टवेअर. ते फुकट मिळतं. अमेरिकेत बर्कलेला शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहिलं आणि १९९६ साली लोकांसाठी खुलं केलं. फोटोशॉप असेल तर तेही चालेल.

त्यात 'लेअर' असतात, म्हणजे थर. संक्रांतीला पतंगीचा कागद तुम्ही हाताळलाच असेल. लाल कागदावर पिवळा ठेवून उन्हात धरला की तिसराच, गडद रंग दिसतो. सॉफ्टवेअरमध्ये यालाच 'मल्टिप्लाय' म्हणतात. उलट, अंधाऱ्या भिंतीवर दोन टॉर्च एकाच जागी मारले की उजेड वाढतो. ते 'स्क्रीन'. एवढे दोन प्रकार हाताशी आले की पुष्कळ झालं.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगते, पुन्हाही सांगणार आहे. मूळ फोटोला हात लावायचा नाही. आधी प्रत करायची, काम प्रतीवर करायचं.

हे मी कशी शिकले, ते ऐका.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मी मारबत बघायला इतवारीत गेले होते. मारबत म्हणजे इडा-पीडा घेऊन जाणारा मोठा पुतळा, आणि सव्वाशे वर्षांहून जुनी आपली ही मिरवणूक. पिवळी मारबत एका बाजूनं आली, काळी दुसऱ्या बाजूनं, दोघी समोरासमोर आल्या आणि 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' असा एकच गजर झाला. मी फोन वर धरला, तेवढ्यात मागून गर्दीचा रेटा आला. फोटो पूर्ण हलला. घरी येऊन बघते तर मारबत नाहीच, हळदीसारख्या पिवळ्याचे लांब फराटे, मधेच गुलालाचा पट्टा, आणि कुण्या पोराच्या हातातल्या फुग्याचा पोपटी ओघळ.

मी तो पुसणारच होते. माझी भाची तेव्हा शिकायला आमच्याकडे होती. ती म्हणाली, "मावशी, थांब. पुसू नको, यात रंग बघ किती आहेत."

फोटोची प्रत तिनंच करून दिली, मूळ फोटो वेगळा ठेवला. मग आम्ही दोघी बसलो. प्रतीच्या एका कडेला काळपट भाग होता, तो मी कापून टाकला. मला तो मळकट वाटला. उरलेल्या भागावर 'मोशन ब्लर' दिला, म्हणजे आडवे फराटे आणखी लांबले. मग 'पोलर कोऑर्डिनेट्स'. हा फिल्टर पट्टीचं चक्र करतो. पट्टीतल्या आडव्या रेषांची कडी होतात, उभ्या रेषांचे किरण होतात. पट्टीची दोन टोकं जिथे जुळतात तिथे एक चिरा दिसतो. तो घालवायला भाचीनं पट्टी आरशासारखी उलटवून तिच्याच शेजारी जोडली. दोन्ही टोकांना सारखाच रंग आला, चिरा गेला. पडद्यावर ते चक्र असं झळकत होतं, की आम्ही खोलीतला दिवा लावलाच नाही.

दुसऱ्या दिवशी महाल भागातल्या एका छपाईच्या दुकानात गेले. तिथले काका आधी कित्येक वर्षं ऑफसेटच्या मशीनवर होते. चित्र कागदावर आलं आणि माझा चेहरा उतरला. पिवळा ठीक होता, पण पोपटी शेवाळला होता. गुलालाचं तेजही गेलं होतं.

काका म्हणाले, "ताई, पडद्यावरचा रंग उजेडाचा असते, कागदावरचा शाईचा. शाईत मी उजेड कुठून आणू?" मग चष्मा वर करून त्यांनी कागद जवळ धरला. "फोटो कशाचा होता?"

"पिवळ्या मारबतीचा," मी म्हटलं.

"मग काळी कुठे गेली?"

मी गप्प झाले. ती कापलेली कड! काळी मारबत तिथेच होती, मीच तिला बाहेर काढलं होतं.

"काळं शेजारी असलं ना," काका म्हणाले, "की बाकीचं आपोआप पेटते."

घरी आले. मूळ फोटो जसाच्या तसा होता, म्हणून ती कड परत मिळाली. प्रत केली नसती तर काळी गेली ती गेलीच असती. 'कलर पिकर'नं तो काळा उचलला. नुसता काळा नव्हता तो, आत जांभळी झाक होती. नवा थर घेऊन पोपटीच्या दोन्ही अंगांना तो 'मल्टिप्लाय'मध्ये हलक्या ब्रशनं भरला, आणि मधोमध एक गोल. सय्यद हैदर रझांच्या चित्रांतला काळा बिंदू आठवा, त्याच्या भोवतीचे लाल-पिवळे कसे उठून दिसतात. रझाही १९३९ ते १९४३ नागपूरच्या कला विद्यालयातच शिकले.

म्हणून रंग आपल्या फोटोतून उचला. सॉफ्टवेअरमध्ये १ कोटी ६७ लाखांहून जास्त रंग निघतात, एवढ्यांतून निवडायला गेलं की हात भरकटतो. माझं म्हणणं, पाच रंग बास. त्यातला एक गडद हवाच. आपल्याकडे हल्ली घरंसुद्धा राखाडी रंगवतात, आणि मला ते अजिबात आवडत नाही. एवढ्या रखरखीत उन्हाच्या गावात एखादी भिंत तरी संत्र्याच्या सालीसारखी असावी, हिरव्या डागासकट.

छापायचं असेल तर ए-फोर कागदासाठी चित्र २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं ठेवा, आणि सुरुवातीलाच ठेवा. मागाहून ताणलं तर ते फाटतं. आणि पुन्हा सांगते, मूळ फोटोला हात नाही, काम प्रतीवर.

दुसऱ्यांदा छापलं तेव्हा पोपटी तोच होता, शाई तीच होती, पण तो कडांमधून उसळून वर आला. मी पैसे दिले, पहिला कागद फाडायला घेतला, तर काकांनी तो माझ्या हातून काढून घेतला. "हा राहू द्या माझ्याकडे," म्हणाले, "पिवळा नामी आला आहे यात." तो आजही त्यांच्या दुकानात, कटिंग मशीनच्या वर, चिकटपट्टीनं लावलेला आहे.

नमस्कार.