मोठ्या दुर्बिणींना न झेपणारे तारे आणि नागपूरची गच्ची

नमस्कार मंडळी!

हबल अवकाश दुर्बीण सगळ्यांना माहीत आहे. २०१२-१३ च्या सुमारास ब्रिटनमधल्या वॉरिक विद्यापीठाचे बोरिस गेन्सिके यांना या दुर्बिणीतून ४० च्या आसपास तारे बघायचे होते. तारे अशा जातीचे, की महिनोन्महिने मिणमिणत पडून राहतात आणि एखाद्या दिवशी काही तासांत भडकतात. पंचाईत अशी होती, की हबलवरचं जे उपकरण वापरायचं होतं ते अतिनील प्रकाशाला फार नाजूक. नेमका भडकलेला तारा समोर आला तर ते कायमचं बिघडण्याची भीती. दुरुस्तीला माणसं पाठवायची सोयही उरली नव्हती, स्पेस शटल २०११ मध्येच बंद झालेलं.

मग हबलला हिरवा कंदील कोणी दाखवला? हौशी मंडळींनी. जगभरातले लोक आपापल्या घरच्या दुर्बिणीतून त्या ताऱ्यांवर नजर ठेवून होते. ‘तारा शांत आहे’ असा निरोप गेला, की मगच हबल तिकडे वळायची.

[पडद्यावर: एका ताऱ्याच्या तेजाचा आलेख, सपाट रेषा आणि मधूनच उंच सुळका]

ज्यांचं तेज कमी-जास्त होतं ते रूपविकारी तारे. काही स्वतःच फुगतात आणि आकसतात. काही जोडीनं फिरतात आणि एकमेकांना झाकतात. काही जोड्यांत एक तारा दुसऱ्याचं द्रव्य ओढून घेत राहतो आणि मग भडका उडतो. प्रकार याहून पुष्कळ आहेत, पण आजच्यापुरतं एवढ्यावर भागेल.

आता तुम्ही विचाराल, अब्जावधी रुपयांच्या वेधशाळा असताना आपल्या दुर्बिणीला कोण विचारतो? खरी गोष्ट अशी आहे, की मोठ्या दुर्बिणींना ठळक तारे झेपतच नाहीत. चिलीतली व्हेरा रुबिन वेधशाळा बघा. ८.४ मीटरचा आरसा, २०२५ च्या जूनमध्ये पहिली छायाचित्रं आली. दक्षिणेकडचं आकाश दर काही रात्रींनी ती पुन्हा पुन्हा टिपणार. पण तुम्ही-आम्ही नुसत्या डोळ्यांनी बघतो तो तारा तिच्या कॅमेऱ्यात आला, की त्या जागी पांढरा डाग उमटतो. त्यातून मोजणार काय?

काक्षीच्या वेळी हेच झालं. मृगातला तो तांबूस तारा. एरवी त्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, अर्ध्याच्या आसपास असते. २०१९ च्या अखेरीस तो मंद व्हायला लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ पर्यंत उतरला. प्रतीचं गणित उलटं असतं बरं का, आकडा वाढला की तारा मंद. तारा फुटतो की काय, म्हणून पेपरात बातम्या. त्या काळात तो रोज किती उतरतोय हे मोजायला लहान दुर्बिणी, साधे कॅमेरे आणि नुसते डोळेच कामी आले. ताऱ्यानं बाहेर फेकलेल्या द्रव्याची धूळ होऊन ती आपल्या बाजूला आडवी आली होती, असं पुढे संशोधकांनी दाखवलं.

दुसरी अडचण वेळेची. मोठ्या दुर्बिणीवर वेळ मागायला अर्ज करावा लागतो, समिती बसते, आणि मोजक्या रात्री पदरात पडतात. तिमिंगल तारकासमूहातला मिरा हा तारा एका फेरीला ३३२ दिवस घेतो. दोन रात्रींत त्याचं काय कळणार? तिथं वर्षानुवर्षं चिकटून बसणारा माणूस लागतो.

आणि माझ्या मते आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय, तर नागपूरचा रेखांश. ७९ अंश पूर्व. आपल्याकडे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात सकाळ असते आणि लंडनमध्ये जेमतेम संध्याकाळ. निरीक्षकांची खरी गर्दी अमेरिकेत आणि युरोपात. तारा मात्र त्यांची रात्र व्हायची वाट बघत नाही. त्यांच्या उन्हाच्या वेळी जे घडतं ते आपल्या गच्चीवरून दिसतं, आणि आपण नाही पाहिलं तर आलेखात तेवढी फट राहते. दुर्बीण अमेरिकेत आपल्याहून भारी मिळेल, हा रेखांश नाही मिळायचा.

फट राहिली तर काय बिघडतं, ते हंस तारकासमूहातल्या एसएस सिग्नी या ताऱ्याच्या गोष्टीतून कळतं. १८९६ मध्ये हार्वर्डच्या लुइसा वेल्स यांना सापडलेला हा तारा. एरवी १२ व्या प्रतीचा, पण साधारण दर ५० दिवसांनी ८ व्या प्रतीपर्यंत उसळी मारतो. साधारण म्हणजे साधारणच; कधी लवकर, कधी उशिरा, त्याचं वेळापत्रक नाही. १९९९ मध्ये हबलच्या मोजणीतून त्याचं अंतर ५२० प्रकाशवर्षं निघालं. घोळ असा, की तो एवढा दूर असेल तर त्याच्या भडक्यांचं जे स्पष्टीकरण पुस्तकांत शिकवतात तेच कोसळतं. मग रेडिओ दुर्बिणींनी अंतर पुन्हा मोजायचं ठरलं. पण हा तारा रेडिओ लहरी ठळकपणे देतो त्या भडक्याच्या वेळीच. म्हणून हौशी निरीक्षक पहाऱ्याला बसले. उसळी दिसली की निरोप जायचा आणि रेडिओ दुर्बिणी तिकडे वळायच्या. २०१३ मध्ये निकाल छापून आला. अंतर सुमारे ३७० प्रकाशवर्षं. पुस्तकातलं स्पष्टीकरण तरलं!

हे सगळं गोऱ्या लोकांचं काम, असं वाटत असेल तर राधागोविंद चंद्र यांच्याबद्दल ऐका. जेसोरचे, म्हणजे आताच्या बांगलादेशातले. सरकारी तिजोरीत नोकरी. खगोलशास्त्राची पदवी वगैरे काही नाही. १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात नवतारा उगवला, म्हणजे एक मंद तारा अचानक भडकला, तो त्यांनी आपल्या आपण टिपला. त्यातून ओळख झाली ती एएव्हीएसओ या संस्थेशी. पूर्ण नाव अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स, स्थापना १९११. चंद्रबाबूंनी आयुष्यात ३७,००० च्या वर नोंदी पाठवल्या. संस्थेनं १९२६ मध्ये त्यांच्यासाठी सहा इंची दुर्बीण पाठवली, अमेरिकेहून थेट जेसोरला. हीच दुर्बीण पुढे वेणू बाप्पूंकडे आली, ज्यांनी कावलूरची वेधशाळा उभी केली. आपल्याकडे शाळेत बाप्पूंचं नाव कधीमधी निघतं, चंद्रबाबूंचं मात्र कुठंच नाही. याचा मला जरा रागच येतो.

असो. आता प्रत्यक्ष काम.

[पडद्यावर: वृषपर्वा तारकासमूहाचा नकाशा]

ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी उत्तरेकडे तोंड करा. शर्मिष्ठा तारकासमूहाचा इंग्रजी एमसारखा आकार दिसला, की त्याच्या डावीकडे वृषपर्वा. त्याच्या एका कोपऱ्यात तीन ताऱ्यांचा छोटा त्रिकोण आहे: डेल्टा, एप्सिलॉन आणि झीटा. डेल्टा हा आपला रूपविकारी. ५ दिवस आणि ९ तासांत ३.५ ते ४.४ अशी त्याची फेरी चालते. त्याचा हा खेळ १७८४ मध्ये जॉन गुडरिक या विशीतल्या, कानांनी ऐकू न येणाऱ्या मुलानं शोधला. धरमपेठेतून नुसत्या डोळ्यांनी तो दिसेलच याची हमी मी देत नाही, पण १० बाय ५० ची, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगांची, दोन डोळ्यांची दुर्बीण लावली की तिन्ही तारे एकाच वेळी नजरेत मावतात.

नकाशावर झीटापाशी ३४ लिहिलेलं असेल आणि एप्सिलॉनपाशी ४२. म्हणजे ३.४ आणि ४.२. टिंब मुद्दाम गाळतात, नाहीतर कोणी त्यालाच तारा समजायचं! आता डेल्टा बघा. तो झीटाच्या जवळ जातोय की एप्सिलॉनच्या? समजा झीटाहून जरासा मंद वाटला, दोघांमधल्या अंतरातला पाव हिस्सा झीटाकडून. दोघांत फरक ०.८ चा, त्याचा पाव ०.२. ३.४ अधिक ०.२, झाले ३.६. वेळ लिहा, नोंद झाली. कालचा आकडा बघून आजचा लिहायचा नाही. पुस्तकात काय असायला हवं तेही आठवायचं नाही. डोळ्यांना जे दिसलं तेच.

तांबड्या ताऱ्यांकडे टक लावून बघू नका. जितका वेळ रोखून बघाल तितका लाल तारा जास्त ठळक वाटत जातो. झटकन बघायचं, नजर काढायची.

हिवाळ्यात मायावती ही तारका घ्या, ययाती तारकासमूहातली. तिला दुर्बीणही लागत नाही. २ दिवस, २० तास आणि ४९ मिनिटांनी मंद जोडीदार पुढे येतो आणि तिची प्रत २.१ वरून ३.४ वर उतरते. हिशेब करा: तीन दिवसांना ३ तास ११ मिनिटं कमी. म्हणजे आज रात्री एक वाजता ती सर्वांत मंद असेल, तर तीन रात्रींनी दहाच्या आधीच. एक सावधगिरी मात्र हवी. तिच्या शेजारचा ऱ्हो हा तारा तुलनेला घेऊ नका, कारण तो स्वतःच रूपविकारी आहे. नवीन माणूस इथं हमखास फसतो.

नागपूरच्या आकाशाचं खोटं कौतुक करणार नाही. उत्तरेला कोराडीचा उजेड, दक्षिणेला वर्धा रोड, मध्ये फ्लडलाइट. पण गच्चीच्या कोपऱ्यात पाण्याच्या टाकीआड बसलं तर चौथ्या-पाचव्या प्रतीचे तारे दुर्बिणीतून छान निघतात. अंधार हवाच असेल तर दीड-दोन तासांवर पेंच आहे, जानेवारी २०२४ पासून भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क. हौसेसाठी जरूर जा. नियमित नोंदीसाठी मात्र घरची गच्चीच बरी, रोज कोण पेंचला जाऊन राहिलं?

पावसाचं मात्र काही करता येत नाही. जून ते सप्टेंबर आपलं दुकान बंद. आणि नेमका उत्तर मुकुट तारकासमूहातला टी हा तारा त्याच हंगामात संध्याकाळी वर असतो. १८६६ आणि १९४६ मध्ये तो फुटला होता. दहाव्या प्रतीचा तारा ध्रुवताऱ्याएवढा ठळक होतो. एका श्वेत बटूवर, म्हणजे आकसलेल्या मृत ताऱ्यावर, शेजारच्या फुगलेल्या लाल राक्षसी ताऱ्याचा हायड्रोजन साचत जातो आणि शेवटी हायड्रोजन बॉम्बसारखा पेटतो. २०२४ मध्ये पुन्हा फुटणार असं भाकीत होतं. २०२४ संपलं, तारा आपल्या जागी शांत. ज्योतिषाचं चुकलं तर आपण हसतो, इथं शास्त्रज्ञांनीही हसून घेतलं आणि पहारा चालू ठेवला. तेजाची चढण काही तासांचीच असते, म्हणून ती कोणत्या देशाच्या रात्रीत येईल हे आधी सांगता येत नाही. मे महिन्यात मध्यरात्री तो नागपूरच्या जवळजवळ डोक्यावर येतो. मे महिन्यात तसंही अर्धं नागपूर गच्चीवरच झोपतं. झोपण्याआधी स्वाती आणि अभिजित यांच्या मधल्या पट्ट्यात अर्धवर्तुळाकार मुकुट शोधायचा. त्यात एक तारा जास्तीचा दिसला तर आधी नकाशा तपासा, मग फोन करा. शेजारच्या काकू विचारतीलच, “काय पाहून राहिला गा एवढ्या रात्री?” त्यांनाही दाखवा.

नोंद पाठवायची कुठे? एएव्हीएसओच्या संकेतस्थळावर खातं उघडायचं, निरीक्षकाचा सांकेतिक शब्द मिळतो. त्यासाठी सभासद व्हावं लागत नाही, पैसे लागत नाहीत. नकाशेही तिथंच मिळतात. वेळ ज्युलियन दिवसांत, म्हणजे ओळीनं मोजत गेलेल्या दिवसांच्या आकड्यात लिहितात, त्याला घाबरू नका. तो दिवस ग्रिनिचच्या दुपारी बारा वाजता बदलतो, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला. आपली अख्खी रात्र एकाच आकड्याखाली येते, मध्यरात्री तारीख बदलायची कटकट नाही. युरोपवाल्यांसाठी आखलेली सोय, फायदा आपल्यालाही. तारा दिसलाच नाही तर तेही कळवायचं: दिसलेला सर्वांत मंद तारा कोणत्या प्रतीचा होता ते लिहून, ‘त्याहून मंद’ अशी खूण करायची. हबलच्या वेळी अशाच नोंदी मोलाच्या ठरल्या होत्या.

लग्नाचे फोटो काढायचा कॅमेरा घरात पडून असेल, तर पुढच्या भागात त्यानं ताऱ्याचं तेज मोजू. तिवई आणि रिकामं मेमरी कार्ड तयार ठेवा. फोटो रॉ मध्येच काढायचे, जेपेगनं हिशेब बिघडतो.