मी मोजत होते

(पत्रकारितेच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर सोलापुरात झालेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

तुमच्या अंतिम प्रकल्पाला पाच आठवडे राहिलेत, असं आत्ताच कळलं. याच टप्प्यातून मी गेले आहे, म्हणून आज माझ्या प्रकल्पाबद्दलच बोलते.

सोलापुरात कॅमेरा हातात आला की पहिला विषय सुचतो तो गड्डा. सिद्धेश्वरांची यात्रा, सात नंदीध्वज, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा. शहराचा जीव त्यात आहे, ते टिपायलाच हवं. पण एकाच गच्चीवरून सगळे जण तेच टिपतात आणि मग कुठलं चित्र कुणाचं ते ओळखू येत नाही. मला वाटतं, विषय असा घ्यावा जिथे आपल्याला पुन्हा पुन्हा जाता येईल. मी शहराचा पूर्वभाग घेतला. घरी बीड्या वळणाऱ्या बायका आणि यंत्रमागावर टॉवेल विणणारी त्यांच्या घरची माणसं.

पहिले दिवस उजेडाशी झगडण्यात गेले. मागावर आडवा धागा घेऊन पळणारा धोटा स्पष्ट यावा म्हणून शटर १/१००० सेकंदावर नेलं, तर फ्रेमवर आडवे काळे पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची. साधी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला ते कळत नाही, वेगवान शटरला कळतं. शेवटी १/५० वर आले. धोटा पुसट झाला, पण शेजारच्या बंद मागावर तुटलेला धागा जोडणारी बोटं स्वच्छ दिसली. ते चित्र मला आजही आवडतं.

आता अक्कांबद्दल. गल्लीत सगळे त्यांना अक्काच म्हणायचे, मीही म्हणू लागले. तेंदूची पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कात्री. पान कापायचं, तंबाखू भरून वळायचं, टोक मुडपून दोरा बांधायचा. पंचवीस बीड्यांचा एक कट्टा, मजुरी हजारावर. एका दुपारी दारातून आडवा उजेड आला होता. अक्कांची मान खाली, ओठ मिटलेले. मी तो क्षण टिपला आणि खाली ओळ लिहिली, ‘परिस्थितीपुढे हतबल बीडी कामगार’. वर्गात सगळ्यांना ते चित्र भावलं.

सादरीकरणाआधी मी छोट्या प्रिंट काढून गल्लीत नेल्या. अक्कांच्या मुलीनं ओळ वाचली आणि तेलुगूत सांगितली. अक्कांनी चित्र हातात घेतलं, नीट पाहिलं.

‘‘हतबल कशाला? मी मोजत होते की. मोजताना बोललं तर आकडा चुकतो.’’

मी तीन महिने त्या घरात जात होते आणि एकदाही विचारलं नव्हतं, अक्का, आत्ता काय चाललंय? चेहरा त्यांचा होता, अर्थ मी परस्पर लावला होता. मग त्यांनी उरलेल्या प्रिंट चाळल्या आणि मी बाजूला काढलेली एक उचलली. वळलेल्या बीड्या जमा करतात त्या कंपनीच्या ब्रँचमध्ये माल तपासणारा बीड्या बाद करतोय आणि अक्का हात उंचावून त्याच्याशी भांडतायत. फ्रेम तिरकी होती म्हणून मी ती वगळली होती. ‘‘ही लावा,’’ म्हणाल्या. तीन हजारांतून निवडलेल्या अठरा चित्रांच्या मालिकेत ती शेवटची लागली आणि सगळ्या मालिकेचा सूर बदलला.

म्हणून ओळ लिहिताना घाई करू नका. कोण, कुठे, कधी आणि त्या क्षणी काय करत होतं, हे त्या माणसालाच विचारा. नाव कसं लिहायचं तेही विचारा. चेहरा नको म्हणाले, तर नको. होमाई व्यारावाला यांची सुरुवातीची छायाचित्रं त्यांच्या पतीच्या नावानं छापून आली होती. पुढे २०११ साली पद्मविभूषण मिळालेल्या छायाचित्रकाराची ही सुरुवात. कॅमेऱ्यामागच्या माणसाचं नाव गळालं तर आपल्याला इतकं लागतं, मग समोरच्या माणसाचं का लागू नये?

बरं, टेबलं भिंतीला सरकवा. सगळ्यांनी आपापल्या प्रिंट जमिनीवर मांडा, ओळींसकट. ज्या चित्रातल्या माणसाला तुम्ही काही विचारलेलं नाही, ते उलटं ठेवा. उरलेल्या चित्रांपासून सुरुवात करू.