रिकाम्या जागेचा तर्क

'येऊ घातलेल्या अ‍ॅनिमेशन सीक्वेलमधील नवी पात्रे आणि चाहत्यांचे तर्क' हा विषय मी सुचवला, तेव्हा तो व्याख्यानाला पुरेल का, अशी शंका संयोजकांनी नम्रपणे बोलून दाखवली होती. शंका रास्त होती. जो चित्रपट अजून पडद्यावर आलेला नाही, त्यात एखादे पात्र असेल की नसेल यावर हजारो माणसे महिनोन्महिने वाद घालतात, हे दुरून पाहणाऱ्याला रिकामटेकडेपणाचेच वाटणार. त्या हजारोंपैकी मीही एक आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझा एक तर्क साफ चुकला होता आणि आज मी जे मांडणार आहे, ते बरेचसे त्या चुकीतूनच सुचलेले आहे.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. चाहते अंदाज बांधू लागतात, तोवर ते पात्र बहुधा ठरून गेलेले असते. मोठा अ‍ॅनिमेशनपट तयार व्हायला साधारण चार-पाच वर्षे लागतात. पहिला टीझर आपल्यापर्यंत पोहोचतो, तेव्हा नव्या पात्राची शेकडो रेखाचित्रे काढून झालेली असतात, त्याचा देह संगणकावर घडवलेला असतो, त्या देहाला हलवणारा सांगाडा आत बसवलेला असतो आणि पुष्कळदा आवाजही ध्वनिमुद्रित झालेला असतो. म्हणून चाहत्यांच्या तर्काला मी भाकीत म्हणत नाही. ते कोडे आहे. त्याचे उत्तर कुणीतरी लिहून पाकिटात बंद करून ठेवलेले आहे आणि आपण बाहेरून पाकीट चाचपतो आहोत. आता हे चाचपणे दोन प्रकारचे असते. काही जण टीझरमधली एकेक चौकट थांबवून, मोठी करून, तिच्यात काय दिसते ते शोधतात. काही जण टीझर बाजूला ठेवून पहिला चित्रपट पुन्हा पाहतात आणि त्यात काय नव्हते ते शोधतात. माझ्या मते दुसऱ्या प्रकारचे लोक अधिक वेळा बरोबर येतात, आणि चुकले तरी त्यांची चूक वाचण्यासारखी असते.

पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे 'फ्रोझन २'. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याचा पहिला टीझर आला आणि पहिल्या चोवीस तासांत तो अकरा कोटींहून अधिक वेळा पाहिला गेला. त्यात संवाद जवळजवळ नव्हते. खवळलेला समुद्र होता, पानगळीच्या रंगांनी माखलेले रान होते आणि क्षणभर दिसून जाणारे अनोळखी चेहरे होते. तेवढ्यावर एक अख्खा सिद्धान्त उभा राहिला: एल्सा जशी हिमाची स्वामिनी, तशी ही नवी व्यक्ती शरद ऋतूची असणार, आणि मग वसंताची नि ग्रीष्माचीही कुणी ना कुणी असणारच. तर्क आकर्षक होता. चौकटीतल्या तांबूस पानांना त्याने अर्थ दिला. पण त्यात एक दुबळा दुवा होता. पहिल्या चित्रपटात एल्साची शक्ती ऋतूची आहे असे कुठेच म्हटलेले नाही; तिथे न सुटलेला प्रश्न एवढाच होता की, ही शक्ती तिला मिळाली कुठून आणि ती का मिळाली. नोव्हेंबरमध्ये चित्रपट आला तेव्हा ऋतू कुठेच नव्हते. वारा, अग्नी, पाणी आणि पृथ्वी ही चार तत्त्वे होती आणि त्यांना जोडणारे पाचवे तत्त्व कोण, याचे उत्तर खुद्द एल्साच निघाली. चाहते नवा माणूस शोधत होते आणि जागा जुन्याच माणसासाठी राखलेली होती. हनीमॅरन आणि रायडर ही नवी भावंडे चित्रपटात आली खरी, पण कथेचा भार त्यांच्यावर नव्हता.

याच चित्रपटाच्या बाबतीत आणखी एक प्रकार घडला आणि तो वेगळा ओळखायला हवा. २०१६ मध्ये ट्विटरवर एल्साला मैत्रीण द्या, म्हणजे जोडीदार म्हणून मैत्रीण द्या, अशी मागणी मोठ्या प्रमाणावर झाली होती. तीन वर्षांनी हनीमॅरन हे नाव कळताच 'हीच ती' असे अनेकांनी ठरवून टाकले. प्रत्यक्ष चित्रपटात दोघींचा शेकोटीजवळचा एक शांत संवाद आहे, आणि त्यापलीकडे फारसे काही नाही. हा तर्क नव्हता, तर्काचा अंगरखा घातलेली इच्छा होती. इच्छेला माझा मुळीच आक्षेप नाही. कित्येकदा ती तर्काहून अधिक प्रामाणिक असते, कारण आपण चित्रपटगृहात काय शोधायला जातो हे ती लपवत नाही. मात्र इच्छा पुरावा मागत नाही, आणि म्हणून ती चुकली की माणूस दुखावतो. तर्क चुकला, तर माणूस फक्त ओशाळतो.

दुसऱ्या प्रकाराचे, म्हणजे रिकाम्या जागेच्या तर्काचे स्वच्छ उदाहरण 'झूटोपिया'त आहे. २०१६ च्या त्या पहिल्या चित्रपटात हत्तीपासून उंदरापर्यंत सगळे प्राणी एका शहरात नांदतात आणि कुणीही काहीही होऊ शकतो, असे ते शहर छातीठोकपणे सांगते. ससुली जूडी पोलिसात भरती होते ती एका सरकारी योजनेमुळे, आणि त्या योजनेच्या नावातच सस्तन प्राण्यांना सामावून घेण्याची भाषा आहे. पहिल्यांदा पाहताना हा शब्द कानावरून निघून जातो. दुसऱ्यांदा पाहिले की तो टोचतो. फक्त सस्तन प्राणी का? पक्षी कुठे गेले, साप-सरडे कुठे गेले? समतेचा एवढा गाजावाजा करणाऱ्या शहरात प्राणिसृष्टीचा केवढा तरी भाग गैरहजर आहे, आणि कथेत कुणालाही त्याचे काही वाटत नाही. ज्यांनी हा शब्द टिपला होता, त्यांना ऑगस्ट २०२४ मध्ये गॅरी नावाच्या सापाची घोषणा ऐकून नवल वाटले नसेल. पुढच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या भागाची कथा सरपटणारे प्राणी या शहरात का नाहीत, या प्रश्नाभोवतीच फिरते.

अर्थात काही पात्रे कुठल्याच तर्काच्या आवाक्यात येत नाहीत, कारण ती कथेच्या गरजेतून जेवढी, तेवढीच कारागिरीच्या अडचणीतून घडतात. 'फाइंडिंग डोरी'मधला हँक हा ऑक्टोपस घ्या. त्याला आठ नाही, सातच भुजा आहेत. त्याच्या देहाच्या संगणकीय रचनेत आठवी भुजा बसेना, तेव्हा कलावंतांनी सातच ठेवल्या आणि एक भुजा त्याने गमावली आहे, असे कथेत घालून टाकले. हे कोणता चाहता कसे ओळखणार?

आता माझ्या चुकीकडे येतो.

'इनसाइड आउट' हा चित्रपट २०१५ मध्ये आला. अकरा वर्षांच्या रायलीच्या डोक्यात एक नियंत्रण कक्ष आहे आणि तो पाच भावना चालवतात: आनंद, दुःख, राग, भीती आणि किळस. चित्रपटाच्या अगदी शेवटी त्या कक्षात नवे, मोठे नियंत्रणफलक येते आणि त्यावर एक धोक्याचा दिवा असतो. त्याखाली वयात येण्याविषयीचा शब्द लिहिलेला असतो. किळस विचारते, हे काय आहे? आनंद तो प्रश्न उडवून लावते. ती एक गंमत होती. पण दुसरा भाग जाहीर झाला तेव्हा त्या दिव्याचे आमंत्रण झाले. रायली तेरा वर्षांची होणार, दिवा पेटणार आणि नव्या भावना येणार, एवढे कुणालाही कळत होते. प्रश्न होता तो कोणत्या, हा.

मी विस्मय असे लिहून ठेवले होते. माझी कारणमीमांसा मला अभेद्य वाटत होती. पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञाचा सल्ला पहिल्या चित्रपटासाठी घेतला गेला होता. त्याच्या मूलभूत भावनांच्या प्रसिद्ध यादीत सहा नावे आहेत आणि त्यांतली पाच पडद्यावर आली. उरला तो विस्मय. भीती आणि विस्मय पडद्यावर फार सारखे दिसतात, म्हणून दिग्दर्शक पीट डॉक्टर यांनी तो वगळला होता. शिवाय रंगांचाही हिशेब मी मांडला होता. पिवळा, निळा, लाल, जांभळा आणि हिरवा हे रंग वापरून झाले होते; नारिंगी शिल्लक होता. तेव्हा नारिंगी रंगाचा विस्मय येणार, हे माझ्या दृष्टीने ठरलेच होते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये टीझर आला. कक्षात तोडफोड करणारे कामगार घुसतात, सगळे उलथेपालथे होते आणि मग हातात सामान घेतलेली, विस्कटलेल्या केसांची, डोळे विस्फारलेली एक नवी भावना दारात उभी राहते. ती नारिंगीच होती. आणि ती चिंता होती. रंग बरोबर, भावना चूक! आपले सामान कुठे ठेवू, असे ती विचारते. एवढ्या एका प्रश्नाने कळते की ही चार दिवसांची पाहुणी नाही, मुक्कामाला आलेली आहे. ती एकटी आलेली नाही, असेही चित्रपटाच्या अधिकृत परिचयात म्हटले होते, आणि त्या एका वाक्यावर पुढचे चार महिने अटकळींचे पीक आले. लाज, अपराधभाव, प्रेम, मत्सर, अभिमान, काय काय सुचवले गेले. मार्च २०२४ च्या ट्रेलरमध्ये उत्तर मिळाले: मत्सर, कंटाळा आणि संकोच.

आपण चुकलो कुठे, हे मला त्या वेळी समजले नाही. ते समजले नाट्यशास्त्र पुन्हा उघडल्यावर. भरतमुनींनी स्थायी भाव आठ सांगितले आहेत: रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय. पहिल्या चित्रपटातल्या पाचही भावना या आठांत सापडतात. आनंद आणि हास यांत थोडे अंतर आहे, पण बाकीच्या चार तंतोतंत जुळतात. आता दुसरी यादी पाहा. व्यभिचारी किंवा संचारी भाव तेहतीस आहेत; मनात येतात, हालचाल करतात आणि जातात, म्हणून ते संचारी. त्या यादीत चिंता आहे. असूया आहे. आलस्य आहे. व्रीडा, म्हणजे संकोच, तीही आहे. दुसऱ्या चित्रपटाने आपली सगळी नवी मंडळी जणू या दुसऱ्या यादीतून उचलली आहेत. 'हे सारे आमच्याकडे आधीच होते' असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्या वाक्याचा मला फार कंटाळा आहे, आणि चित्रपटकर्त्यांनी भरत वाचला असेल असे मानायलाही काही आधार नाही. माझा मुद्दा रचनेपुरता आहे. मी पहिल्या यादीतली उरलेली जागा भरायला निघालो होतो, आणि तेरा वर्षांच्या मुलीच्या मनात ती यादीच बदलली होती. बालपणाचे काम ठसठशीत भावनांवर भागते. वयात येताना दुसऱ्यांच्या नजरेतून स्वतःकडे पाहण्याची सवय लागते आणि चिंता, असूया, संकोच या तिन्ही भावनांना दुसरा माणूस लागतोच. विस्मयाला तो लागत नाही. एकट्याने आकाशाकडे पाहूनही विस्मय वाटतो. रिकामी जागा मी शोधली, पण ती चुकीच्या कपाटात.

भरताने आणखी एक उपमा दिली आहे. माणसांमध्ये जसा राजा, शिष्यांमध्ये जसा गुरू, तसा सर्व भावांमध्ये स्थायी भाव थोर. बाकीचे सगळे त्याचे सेवक. दुसऱ्या चित्रपटात घडते ते नेमके उलट. चिंता कक्षाचा ताबा घेते, जुन्या पाचही भावनांना बरणीत कोंडते आणि हद्दपार करते. सेवकांनी राजालाच गादीवरून खाली ओढावे, तसा हा उठाव आहे. ज्या चाहत्यांनी नुसती नावे सांगितली, त्यांच्यापेक्षा 'नवे आले तर जुन्यांचे काय होणार?' असे विचारणारे गाभ्याच्या अधिक जवळ पोहोचले होते. पात्र म्हणजे नुसते नाव, रंग आणि आवाज नाही. ते आले की बाकीच्यांना सरकावे लागते, आणि सीक्वेलची कथा बहुतेक वेळा त्या सरकण्याचीच असते.

व्यक्तिचित्रणातली कारागिरीही जाता जाता पाहण्यासारखी आहे. संकोच हा अंगाने सगळ्यांत अवाढव्य, आणि तरी सतत टोपीची नाडी ओढून तोंड लपवणारा. कंटाळा कोचावरून उठतच नाही. नियंत्रणफलक ती हातातल्या फोनवरून चालवते. असे बारकावे कुठल्याच तर्कात उतरत नाहीत. चिंता येणार, हे ओळखता येईल. ती सामानासकट येणार, हे कसे ओळखायचे?

या चित्रपटात एक म्हातारीही आहे. स्मरणरंजन हे तिचे नाव, आणि भरताच्या यादीतली स्मृती तिची दूरची नातलग म्हणता येईल. ती मध्येच दार उघडून आत येते, जुन्या दिवसांविषयी बोलू लागते, आणि अजून तुझी वेळ झालेली नाही असे सांगून तिला परत पाठवले जाते. प्रेक्षक हसतात. मी हसलो नाही, कारण २०१५ मध्ये त्या दिव्यावर आम्ही सगळे असेच हसलो होतो.

तिसरा भाग आला तर त्यात कोण असेल, असे आपल्यापैकी कुणीतरी विचारणारच, म्हणून उत्तर आत्ताच देतो. पहिल्या यादीतले रती, उत्साह आणि विस्मय अजून बाहेरच आहेत, आणि मला विस्मयाचा मोह अजूनही सुटलेला नाही. पण या वेळी मी तेहतिसांतला गर्व लिहिला आहे. तो कागद जुन्या चुकलेल्या कागदाच्या शेजारी, त्याच वहीत ठेवला आहे.